कासवाची गाठोडी

४ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद. फुकटचे आहेत, हवे तेवढे घे.

फोन का केला नाही म्हणून आईसारखी कुरकुर करू नकोस. फोनवर माणसाचा आवाज पिळलेल्या लिंबासारखा येतो, हे तू दप्तर घेऊन शाळेत जायचीस तेव्हापासून तुला सांगतोय. रस कुठेतरी वाटेत सांडलेला, हातात नुसती साल. ज्याने जन्मभर आवाज विकून घर चालवलं त्याने असला माल कानात घ्यायचा? म्हणून पत्र. दोन बोटांनी टाइप करतोय, चुका पोटात घाल.

काम आहे. गॅरेजवरची ती आमची खोली तुला आठवत असेल. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आणि टेबलाखाली तू. तिथे आम्ही अंध वाचकांच्या वाचनालयासाठी बोलकी पुस्तकं करायचो. हेडबाई वाचायच्या, मी आवाज घ्यायचो आणि माझा भागीदार कासव तो जपून ठेवायचा. भागीदारीची वाटणीच तशी होती. धावाधाव माझी, जपणूक त्याची. कासव मुलीकडे राहायला गेला त्याला बरीच वर्षं झाली. भांडण-बिंडण काही नाही. आधी पत्रं जायची-यायची, मग नुसतीच जायची, मग तीही थांबली. तो कसा आहे तुला ठाऊक आहे. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक 'हं' पदरात पडतो.

जाताना त्याने दीडशेच्या वर सीडी माझ्या हवाली केल्या. एकेका सीडीवर एकेक फाईल, दाबून बांधलेलं गाठोडं. आता वाचनालयाला तो सगळा साठा नव्या यंत्रावर हवाय. मूळ टेपांना तळघरात बुरशी लागली, त्या गेल्यातच जमा. म्हणजे जे काही आहे ते या गाठोड्यांत आहे. मी सगळ्या सीडी एका मोठ्या डिस्कवर उतरवल्या. सीडी घाल, चहा पी, सीडी काढ. चहा फार झाला.

गाठोडी आतून धड आहेत का, एवढंच बघायचंय. एकेक सोडून ऐकत बसलो तर दुसऱ्या जन्मीही पुरं व्हायचं नाही. तू तिकडे विद्यापीठाच्या यंत्रखोलीत दिवसभर हेच करतेस म्हणे. मग मामासाठी अर्धा तास काढ. माझ्या संगणकात तूच घालून दिलेली ती काळी खिडकी अजून आहे. मी तिला हातही लावलेला नाही, भीती वाटते.

तुझा
मामा

६ फेब्रुवारी

मामा,

आशीर्वाद पोचले. तोलून बघितले, वजनात भरले.

काळ्या खिडकीला भिऊ नकोस. तिच्यात शेल नावाचा कारकून बसलेला असतो. आज्ञाधारक, पण स्वतःचं डोकं म्हणून चालवायचं नाही अशी शपथ घेतलेला. त्याला एकेक हुकूम तोंडी देत बसण्याऐवजी सगळे हुकूम एका फाईलमध्ये लिहून ती त्याच्या हातात ठेवायची, तिला स्क्रिप्ट म्हणतात. सोबत पाठवलीय. तिच्यात मी कारकुनाला एवढंच सांगितलंय: या कपाटातलं प्रत्येक गाठोडं उचल, न सोडता आतून चाचपून बघ, बिघडलेलं असेल तर त्याचं नाव लिहून ठेव आणि पुढचं घे.

न सोडता कसं कळतं, असं तू विचारणारच. गाठोडं बांधताना आतल्या मालाची एक खूण शेवटी टाकलेली असते. तपासताना कारकून मनातल्या मनात माल उलगडतो, नव्याने खूण काढतो आणि जुनीशी ताडून बघतो. जुळली तर एक कणही इकडचा तिकडे झालेला नाही.

आणि हे दाबणं तुझ्या फोनसारखं नाही हं. फोन लिंबू पिळतो. हे गादी गुंडाळून दोरीने आवळण्यासारखं आहे. दोरी सोडली की गादी होती तशी. हेडबाईंचा श्वाससुद्धा जागच्या जागी.

एक लक्षात ठेव. गाठोडं चांगलं असेल तर कारकून काही म्हणजे काही बोलणार नाही. 'शाब्बास' नाही, 'झालं' नाही. या लोकांत तशीच रीत आहे, गप्प म्हणजे ठीक. आणि बिघाड सापडला की तो जी लांबलचक कुरकुर करतो ती मी परस्पर बाहेर फेकायला सांगितलीय, तुझं डोकं उठायला नको. तुला फक्त नावं दिसतील.

आता तू सांग. सीडी इतकी वर्षं कपाटात होत्या आणि तू झोपा काढत होतास. आज एकदम एवढी घाई कसली? वाचनालयाला यंत्र हवंय हे खरं, पण पत्रात काहीतरी दाबून बांधल्यासारखं वाटतंय.

ठमी

८ फेब्रुवारी

ठमे,

तुझा कारकून ठार वेडा आहे.

स्क्रिप्ट चालवली आणि पडदाभर पाढा सुरू झाला: अशी फाईल नाही, अशी फाईल नाही, अशी फाईल नाही. मी समोर बसून त्याला दाखवतोय, अरे ही काय, नाकासमोर आहे! तो आपला 'समुद्र' नावाची फाईल शोधतोय, मग 'काठची' शोधतोय, मग 'माणसं' शोधतोय. 'समुद्र काठची माणसं' हे एक पुस्तक आहे, तीन नव्हेत. हेडबाईंना कळलं तर छडी घेऊन येतील.

नावं कासवाने दिलीत, म्हणून पाल्हाळ. पुस्तकाचं पूर्ण नाव, मग मोकळी जागा, मग आकडा. आकडासुद्धा सरळ एक-दोन नाही, ०१, ०२, ०३. शून्य कशाला? चेकवर रक्कम लिहिणाऱ्यासारखी सवय, दुसरं काय. आकडा म्हणजे टेपेची बाजू. पुस्तकाला दोन कॅसेट लागल्या की चार बाजू. छोट्या पुस्तकांना आकडा नाही.

घाईचं म्हणशील तर काही नाही. म्हातारा माणूस, आवराआवर करतोय.

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

चूक माझी. नावात मोकळी जागा दिसली की शेल तिथे नाव तोडतो. मला हे पहिल्या वर्षापासून पाठ आहे, आणि तरी घरच्या कामात अवतरणचिन्हं घालायची राहिली. सुताराच्या घरचा पाट मोडका. दुरुस्त करून पाठवलीय.

'म्हातारा माणूस, आवराआवर' हे वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझा भाऊ आवरायला लागला म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय." मी नाही म्हटलं, ती म्हणाली.

ठमी

१२ फेब्रुवारी

ठमे,

आता चालली. दुपारी लावली आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. आतून डिस्कची घरघर ऐकू येत होती. दळण चालू असल्यासारखा एकसुरी, भरलेला आवाज. मधूनच घरघर तुटायची, एक उचकी, की लगेच पुढचं. लांब घरघर म्हणजे तपासणी पुरी होतेय, एवढं माझं मला कळलं. उचक्या फार येत होत्या, ठमे.

आत जाऊन बघितलं. आकडा नसलेली छोटी पुस्तकं सगळी ठीक. आकडेवाली सगळी बाद. एकूण एक. 'समुद्र काठची माणसं' गेलं. हेडबाईंनी दोन पावसाळे खपून वाचलेला तो जाडजूड प्रवास गेला. जी पुस्तकं वाचक अजून मागतात, नेमकी तीच.

आता तुझ्या आईचं समाधान कर. लपवलं होतं ते हे. कासव जिथे राहतो तिथून ते वाचनालय पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. ग्रंथपालबाईंनी मला लिहिलं होतं की ध्वनिसंग्रह सांभाळायला माणूस हवाय, तुमचे जुने भागीदार कसे वाटतात? पुढच्या सोमवारी त्यांची समिती बसतेय, तोवर तुमचं सहीचं पत्र हवं. तुमच्या शब्दावर ठरवू. त्याने स्वतः अर्ज केला नव्हता, करणारही नाही. पण त्याची मुलगी मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, "बाबा सकाळी उठून तयार होतात, बूट घालतात आणि खिडकीत बसतात." बूट घालून, ठमे. कुठे जायचं नसताना. ते ऐकल्यापासून माझ्या कानातून जात नाही.

मी आनंदाने 'हो' लिहायला बसणार होतो. म्हटलं, आधी गाठोडी तपासून घेऊ, म्हणजे पत्रात ठणकावून लिहिता येईल की बघा, या माणसाने ठेवलेली वस्तू कशी राहते. हौस मला. आता काय लिहू? ज्याने पुस्तकं कुजवली त्याच्याच हाती किल्ली द्या? मी वायरी गुंडाळण्यापासून वर आलो ते एकाच गोष्टीवर. माल खराब असेल तर गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायचं, माल सख्ख्या भावाचा असला तरी.

कामात गप्प बसणाऱ्या माणसाचं हेच अवघड. चांगलं करतोय की घाण करतोय, दोन्ही वेळी चेहरा तोच.

मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

काही लिहू नकोस. लिहिलं असशील तर पाठवू नकोस. पाकिटात घातलं असशील तर वर उशी ठेवून बस.

मला पटत नाही, आणि मी भाबडेपणाने म्हणत नाहीये. कासवकाकांनी मला त्या टेबलाखाली वायर गुंडाळायला शिकवलं होतं. एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पीळ पडत नाही. तू तीनदा तरी ओरडलास, "अरे, गुंडाळ आणि टाक कोपऱ्यात!" ते म्हणाले, "हं," आणि माझी वायर सोडून परत पहिल्यापासून. आज आमच्या यंत्रखोलीत माझ्या केबल कुणी घेऊन गेलं की परत आणून देताना विचारतात, ही अशी कशी गुंडाळतेस? असा माणूस सगळी मोठी पुस्तकं बिघडवतो आणि सगळी छोटी धड ठेवतो? बिघाड असा निवडून होत नाही, मामा. ओरखडा पुस्तकाची जाडी बघून पडत नाही. सगळीच्या सगळी बाद झाली की मला मालापेक्षा तपासणाऱ्याचा संशय येतो, आणि तपासणारी मी आहे.

कारकुनाची कुरकुर मी बाहेर फेकायला लावली होती ना, तोच माझा शहाणपणा आडवा आलाय. नवीन स्क्रिप्ट पाठवतेय. ही नावासमोर तक्रार काय आहे तेही लिहील आणि फाईल केवढी आहे तेही. जे येईल ते जसंच्या तसं मला पाठव. गाळू नकोस, सारांश सांगू नकोस.

आणि त्यांनाच का विचारत नाहीस? मी विचारलंय. आजच पत्र टाकलं. ते कासव आहेत, उत्तर येईल तेव्हा येईल.

ठमी

१५ फेब्रुवारी

ठमे,

ग्रंथपालबाईंना पत्र परवाच गेलं, तुझी उशी पोचायच्या आधी. 'साठ्यातला मोठा भाग निकामी आढळला, जबाबदारीच्या कामासाठी मी नाव सुचवू शकत नाही.' दोन ओळी. लिहून झाल्यावर पेटीत टाकायला गेलो तोही पायात चपला दोन वेगवेगळ्या. माझ्या पोटात राग फार वेळ ठेवला की आंबतो, म्हणून ताजा ताजा वाढून मोकळा झालो.

तू सांगितलंस म्हणून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. निकाल सोबत आहे, आणि तो वाचून माझं मत बदललेलं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या ०१ पुढे लिहिलंय, 'मध्येच संपलं'. आणि ०२ पासून पुढे सगळ्यांसमोर, 'हे गाठोडंच नाही'. गाठोडंच नाही! मग इतकी वर्षं मी कपाटात काय जपत होतो, चिंध्या?

आकारांचा रकाना बघितला तर आणखीच चीड आली. सगळी ०१ एकाच मापाची. एका मापाची म्हणजे शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत. ०२ सुद्धा तीच, ०३ सुद्धा तीच, फक्त प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं तेवढं लहान. आता मला सांग, टेपेच्या दोन बाजू कधी सारख्या भरतात? हेडबाई प्रकरण संपल्याशिवाय थांबायच्या नाहीत. टेप संपत आली की मी काचेतून हात हलवायचो, त्या डोळे वटारायच्या आणि वाचतच राहायच्या. एक बाजू आखूड, एक बाजू लांब, हे ठरलेलंच. या सारख्या मापाच्या फायली म्हणजे त्याने डोळे झाकून काहीतरी कोंबलंय, बाजू-बिजू काही बघितलेली नाही.

झालं ते झालं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा कारकून चांगला आहे, खरं ते बोलला.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

बैस. चपला दोन्ही पायांत सारख्या घाल आणि बैस.

तू स्वतःच उत्तर लिहून पाठवलंस आणि वर मलाच समजूत घालतोस! बाजू सारख्या असूच शकत नाहीत, बरोबर. मग त्या बाजू नाहीत. तू मला ८ तारखेला सांगितलंस की आकडा म्हणजे टेपेची बाजू, आणि मी ते वेदवाक्य धरलं. तुझ्या डोक्यात कॅसेट, म्हणून आकडा दिसला की बाजू. माझं चुकलं ते हे की मी विचारलं नाही.

एका सीडीत माल मावतो तो किती? आकार बघ, ०१ चा आकडा जवळजवळ तेवढाच आहे. छोटं पुस्तक एका सीडीत मावलं, त्याला आकडा नाही. मोठं मावेना. तेव्हा काकांनी संपूर्ण पुस्तकाचं एकच गाठोडं बांधलं आणि मग ते गाठोडं सीडीच्या मापाने कापलं, कापडाचा तागा कापावा तसं. गाठोड्याची सुरुवात ओळखू येते ती फक्त पहिल्या तुकड्यात, म्हणून कारकून ०१ उघडतो, वाचत जातो आणि म्हणतो, मध्येच संपलं. संपणारच, पुढचं ०२ मध्ये आहे. आणि ०२ ला तोंडच नाही, म्हणून तो म्हणतो, हे गाठोडंच नाही. तेही खरं. कारकून शब्दाने खोटं बोललेला नाही. आपणच त्याला एकेका तुकड्याला विचारत सुटलो, तू पूर्ण आहेस का? आणि तो बिचारा प्रत्येकाबद्दल म्हणाला, नाही.

आणि ते शून्य! मामा, शेल फायली अक्षरांच्या क्रमाने उचलतो. नुसते १, २ लिहिले असते तर त्याने १ नंतर १० उचलला असता आणि २ मागे राहिला असता. तुझ्या त्या जाडजूड प्रवासाचे अकरा तुकडे आहेत. ०१ लिहिलं की क्रम बिघडत नाही. म्हणजे ज्याने हे शून्य टाकलं त्याला तेव्हाच माहीत होतं की एक दिवस कुणीतरी हे सगळे तुकडे ओळीने उचलून जोडणार आहे. ती चेकवाल्याची सवय नव्हे. तो आपल्यासाठी ठेवलेला निरोप होता.

नवीन स्क्रिप्ट पाठवलीय. ती एका पुस्तकाचे सगळे तुकडे एकामागोमाग ओतते आणि मग जोडलेल्या अख्ख्या गाठोड्याची परीक्षा घेते. आधी 'समुद्र काठची माणसं' वर चालव. त्यावर गप्प बसली तर सगळ्यांवर.

आज शुक्रवार आहे. समिती सोमवारी. बाकी तू शहाणा आहेस.

ठमी

१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. चष्मा दुरुस्तीला होता.

तू विचारलंस ते असं. सीडीत पुस्तक मावत नव्हतं. बांधलं, कापलं, आकडे घातले. आधी जोडायचं, मग सोडायचं. उलट केलं तर काही हाती लागणार नाही.

हे तुझ्या मामाला सांगितलं होतं, शेवटच्या दिवशी. त्याच्या कानावर हेडफोन होते. त्याने मान हलवली. मला वाटलं, समजलं.

वायर अजून तशीच गुंडाळतेस का?

कासवकाका

२० फेब्रुवारी

ठमे,

कासवाचं पत्र तू मला पाठवलंस ते मिळालं. मान मी हलवली असेल, पण त्याला नव्हे, हेडफोनमधल्या हेडबाईंना. शेवटच्या प्रकरणाला त्यांची लय फार छान लागली होती. त्याने निदान दंडाला हात तरी लावायचा. पण नाही, तो म्हणतो, मान हलली ना, झालं. गाठ पडू दे, बघतोच त्याला.

तर ऐक. शुक्रवारी तुझं पत्र वाचलं आणि 'समुद्र काठची माणसं' लावलं. खुर्ची बाहेर नेली नाही, डिस्कजवळच कान देऊन बसलो. घरघर सुरू झाली. उचकी आली नाही. पहिल्या तुकड्याची हद्द कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली ते मला, मला, कळलं नाही. अखंड दळण. मग थांबलं. पडद्यावर काही नाही. मी वाट बघितली. तरीही काही नाही. मग आठवलं तुझं, गप्प म्हणजे ठीक.

सगळ्यांवर लावली. शनिवारी सकाळपर्यंत चालली. एकच नाव आलं, त्या प्रवासाचं. अकरा तुकड्यांतला सातवा खरोखरच खराब निघाला. मी ती सीडी उजेडात धरली. तिच्यावर एक गोल डाग आहे, कपाच्या बुडाएवढा. तो डाग कुणाच्या कपाचा, यावर चर्चा नको. चहा फार झाला होता, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलंय.

आता मुद्द्याचं. टपालपेटीत टाकलेलं पत्र परत कसं आणायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि दोरी टपालाने पाठवली होती. दुसरं पत्र सोमवारपर्यंत पोचणार नव्हतं. तेव्हा, ठमे, बसलेली नसशील तर बैस. मी फोन केला.

ग्रंथपालबाईंचं घर लागलं. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही? फोनवर? घरी सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, माझं पत्र आलं का. म्हणाल्या, आलंय, वाचलंय. मग म्हणतात कशा, "पण फाईलला लावलं नाही. तुमच्या दोन ओळी कागदाच्या मागच्या बाजूने हाताला लागतात. पेन एवढं दाबून लिहिलेलं पत्र मी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवते. बऱ्याचदा मागोमाग दुसरं येतं." मी विचारलं, दुसरं मी स्वतः घेऊन आलो तर चालेल? म्हणाल्या, "चालेल. यावेळी पेन्सिलने लिहा."

पेनानेच लिहिलं, पण अलगद. सोमवारी सकाळच्या बसने गेलो. समितीत पाच जण होते, त्यातले दोघे अंध. मी सगळं सांगितलं. सीडी, कापलेलं गाठोडं, शून्य, सगळं. आपली उचकीची गोष्टसुद्धा. त्या दोघांतल्या एकाने एवढंच विचारलं, "०१ त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून घातलं?" मी म्हटलं, कुणाच्याच नाही. तो म्हणाला, "मग झालं की." बाकीच्यांनी कागद उलटसुलट केले, पण झालं ते तिथेच.

प्रवास पुन्हा वाचून घ्यावा लागणार. हेडबाईंना विचारलं. म्हणाल्या, यावेळी काचेतून हात हलवायचा नाही, तर वाचते. मी आवाज घ्यायला वाचनालयात जाणार, दर गुरुवारी बसने. जपायला तो आहेच.

राहिला तो. त्याच्या घरी गेलो नाही. दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचेना, आणि परतीची बस होती, असं म्हण. रात्री घरी आलो आणि पुन्हा फोन उचलला. एकदा भीड चेपली की चेपली. त्याच्या मुलीने उचलला, आणि तिने फोन त्याच्या हाती दिला ते मला ऐकू आलं. खुर्ची सरकली, मग बुटांचा आवाज. रात्रीसुद्धा बूट.

मी एका दमात सगळं सांगितलं. गुरुवारपासून वाचनालयात जायचं आहे, किल्ली बाईंकडे आहे, पहिलं काम प्रवासाचा सातवा तुकडा, आणि मी तुझ्याबद्दल आधी काय लिहिलं होतं तेही. ते न सांगून भागलं असतं, पण उद्या बाईंच्या खणात त्याच्या हाताला लागलं असतं.

मग मी थांबलो. पलीकडून काही नाही. फोन तो फोनच. वरचं सगळं कापलेलं, खालचं सगळं दबलेलं, माणसाचा नुसता चोथा. पण नाकाने श्वास घेऊन तो हळूच तोंडाने सोडायची त्याची लकब मी हजार टेपांतून पुसून काढलीय, मी ती कशी विसरीन? तो होता तिथे.

मी म्हटलं, "ऐकतोयस ना रे?"

तो काही बोलला नाही.

मी फोन ठेवला आणि शांत झोपलो.

तुझा
मामा